बर्डीतलं तिकिटांचं दुकान आणि सहा सेंटवाले पिअर्सन

जुनी टपाल तिकिटं नागपुरात कुठे मिळतात, असं मला बरेचजण विचारतात, म्हणून एकदाचं सविस्तर लिहिते. भारताची नवी तिकिटं हवी असतील तर जीपीओ आहेच. पण परदेशी, जुनी आणि एखादा विषय धरून जमवायची असतील तर मी बर्डीतलं एक दुकान सुचवेन. मेन रोडवरून मोदीच्या गल्लीत शिरायचं, थोडं पुढे गेल्यावर डाव्या हाताला एक अरुंद जिना लागतो, त्याने पहिल्या मजल्यावर जायचं. दुकानाला पाटी नाही. दाराच्या चौकटीवर जुन्या पत्रपेटीचा लाल पत्रा ठोकलेला आहे, तीच खूण. मालकांना सगळे काका म्हणतात, मीही तेच म्हणते.

मी आयुष्यभर रुग्णालयात नोकरी केली, निवृत्तीच्या वेळी मेट्रन होते. माझ्या संग्रहाचा विषय आहे लढाईत शुश्रूषा करणारी माणसं: डॉक्टर, नर्स, स्ट्रेचर वाहणारे, ऑर्डर्ली. त्यात डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचं १९९३ चं आपलं तिकीट आहे, चीनने १९८२ साली काढलेलं आहे, आणि ज्यांच्या नावाच्या रुग्णालयाचा भार कोटणीसांनी पुढे उचलला ते कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथ्यूनही आहेत. १९३८ साली चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकात पाच डॉक्टर होते आणि त्यांतले एक, डॉ. चोळकर, आपल्या नागपूरचे. नागपुरातल्या किती जणांना हे माहीत आहे? शाळेत मुलांना सांगायला हवं असं मला फार वाटतं.

दुकान म्हणाल तर एक खोली. तिन्ही भिंतींना लाकडी कपाटं, मधे काचेचं टेबल, त्यावर दिवा, चिमटा आणि भिंग. कपाटांतली स्टॉकबुकं, म्हणजे तिकिटं खोचून ठेवायच्या वह्या, देशांप्रमाणे लावलेली आहेत. पण काकांच्या पाठीमागच्या फळीवर बुटांची खोकी आहेत, त्यांवर गिऱ्हाइकांचे विषय लिहिलेले: पूल, घुबडं, बुद्धिबळ, कापूस. माझ्या खोक्यावर ‘सिस्टर’ एवढंच आहे. एखाद्या घरून जुना अल्बम विकायला आला की काका आधी या खोक्यांच्या हिशेबाने तो चाळतात. तुमच्या विषयाचं तिकीट पाच रुपयांचं का असेना, ते बाजूला निघतं, बटरपेपरच्या पाकिटात जातं, आणि पाकिटावर पेन्सिलीने देश, वर्ष आणि दोष लिहिला जातो. ‘एक दाता तुटका.’ ‘मागे हिंजचा डाग.’ ‘शिक्का जड.’ (दाता म्हणजे तिकिटाच्या कडेचं टोक, हिंज म्हणजे तिकीट अल्बमला चिकटवायची कागदी पट्टी.) विकणाऱ्याने आपल्या हाताने दोष लिहून देणं ही या धंद्यात सोपी गोष्ट नाही. ऑनलाइन एका विक्रेत्याकडून मी कोरी म्हणून मागवलेली तिकिटं मागून नव्याने डिंक फासलेली निघाली. काकांनी ती भिंगाखाली धरून दात्यांच्या टोकांवर चढलेला डिंक मला दाखवला, म्हणजे पुढच्या वेळी माझं मलाच कळावं.

आणखी एक गोष्ट नागपूरच्या माणसालाच समजेल. मे महिन्यात, बाहेर पारा पंचेचाळीसला टेकलेला असताना, या खोलीत कूलर लावत नाहीत. कूलरच्या ओल्या हवेने डिंक सुटतो, तिकिटं एकमेकांना चिकटतात, कागद वळतो. वर फक्त पंखा. काका घामाघूम होऊन बसलेले असतात आणि तिकिटं कोरडी असतात. उन्हाळ्यात दुपारी जाऊ नका, संध्याकाळी पाचनंतर जा.

आता ज्या कारणाने हे सगळं लिहायला घेतलं तिकडे येते.

मी मागितलं होतं जॉन मॅक्रे यांचं तिकीट. पहिल्या महायुद्धातले डॉक्टर आणि कवी, कॅनडाने १९६८ साली त्यांचं पाच सेंटचं तिकीट काढलं. काकांनी ते पाकीट माझ्यासमोर ठेवलं आणि शेजारी न मागितलेलं दुसरं ठेवलं: १९७३ चं सहा सेंटचं, एका गृहस्थाचं रेखाचित्र.

“सिस्टर, हाही तुमच्याच खात्यातला हाय. हॉस्पिटलात ऑर्डर्ली होता. मंग पंतप्रधान झाला.”

ते कॅनडाचे लेस्टर पिअर्सन. रोजच्या टपालासाठी काढलेल्या मालिकेतलं हे तिकीट ढिगांनी छापलं गेलं, त्यामुळे बाजारात त्याला भाव नाही. काकांनी दहा रुपये घेतले. पण त्या दहा रुपयांच्या तिकिटामागे त्यांनी एकेक करून जे काही काढून दिलं, त्यातून माझ्या अल्बमची एक संपूर्ण फ्रेम, म्हणजे प्रदर्शनात मांडायच्या पानांचा एक संच, उभी राहिली. त्यात भारताची तिकिटं कॅनडाच्या तिकिटांपेक्षा जास्त आहेत.

पिअर्सन १८९७ साली टोरांटोजवळ जन्मले. वडील मेथडिस्ट धर्मोपदेशक, त्यामुळे लहानपण या गावाहून त्या गावाला बदल्यांत गेलं. १९१५ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, कॉलेज सोडून ते सैन्याच्या वैद्यकीय दलात साधे शिपाई म्हणून भरती झाले. त्या काळात कॅनडातली विद्यापीठं आपापलं रुग्णालय उभं करून आघाडीवर पाठवत होती. मॅक्रे फ्रान्समध्ये मॅक्गिल विद्यापीठाच्या रुग्णालयात होते. पिअर्सन टोरांटो विद्यापीठाच्या रुग्णालयाबरोबर इंग्लंड आणि इजिप्तमार्गे ग्रीसमधल्या सालोनिकाला पोचले. सालोनिकाच्या आघाडीवर शत्रूच्या गोळ्यांपेक्षा आजाराने जास्त माणसं आडवी झाली, आणि त्यातही मलेरियाने. म्हणजे जखमींइतकेच तापाने फणफणलेले रुग्ण, तंबूत, थंडीत आणि मग उन्हात. ऑर्डर्लीचं काम काय असतं हे मला कोणी सांगायला नको. बेडपॅन, चादरी, पाणी, रुग्णाला उचलून कुशीवर वळवणं, आणि गेलेल्या माणसाला स्वच्छ करून झाकणं. केसपेपरवर त्याचं नाव कुठेच नसतं. विशी गाठायच्या आत हे सगळं पाहिलेला माणूस पुढे जगाच्या राजकारणात गेला तर तो युद्धाविषयी कसा बोलेल, याची मला उत्सुकता होती.

पुढचं थोडक्यात सांगते. १९१७ साली ते ब्रिटिशांच्या उड्डाण दलात गेले. तिथल्या वरिष्ठाला ‘लेस्टर’ हे वैमानिकाला शोभणारं नाव वाटेना, त्याने ‘माइक’ ठेवलं आणि मित्रमंडळींत तेच जन्मभर राहिलं. शिकताना विमान आदळलं, त्यातून वाचले. मग लंडनच्या अंधारात, दिवे बंद ठेवण्याच्या काळात, बसने धडक दिली आणि १९१८ साली ते मायदेशी परत पाठवले गेले. ऑक्सफर्डला शिकले, तिथे आइस हॉकी खेळले, टोरांटोत इतिहास शिकवला, १९२८ साली परराष्ट्र खात्यात लागले. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर बॉम्ब पडत होते तेव्हा ते तिथल्या कॅनडाच्या कचेरीत होते, नंतर वॉशिंग्टनला, १९४५ पासून राजदूत. त्याच काळात संयुक्त राष्ट्रांची अन्न आणि शेतीची संघटना उभी करणाऱ्या आयोगाचे ते अध्यक्ष होते. १९४८ साली नोकरी सोडून थेट परराष्ट्रमंत्री झाले आणि मग निवडणूक लढवली.

इथून काकांची भारताची पाकिटं सुरू झाली.

पहिलं पाकीट कोरियाचं. १९५२ साली पिअर्सन संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेचे अध्यक्ष होते. कोरियातली लढाई थांबत नव्हती, कारण युद्धकैद्यांचा प्रश्न अडला होता. ज्या कैद्यांना परत आपल्या देशात जायचं नाही त्यांना जबरदस्तीने पाठवायचं का? भारताच्या वतीने कृष्ण मेनन यांनी मधला मार्ग सुचवणारा ठराव आणला. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री अॅचिसन त्यावर नाराज होते, तरी पिअर्सन भारताच्या ठरावामागे उभे राहिले आणि तो मंजूर झाला. पुढच्या वर्षी युद्धबंदी झाली आणि असे कैदी सांभाळायला भारतानेच सैन्य पाठवलं. त्या दलाचे प्रमुख होते आपले मेजर जनरल एस. पी. पी. थोरात, कोल्हापूरकडचे. त्या जवानांना घरी पत्रं लिहिता यावीत म्हणून आपल्या टपाल खात्याने नेहमीच्या तिकिटांवर वरून छापलं: ‘भारतीय संरक्षा कटक कोरिया’. कोणार्कचा घोडा आणि त्यावर नागरी लिपीतली ही चार शब्दांची ओळ. कमी किमतीची तिकिटं स्वस्त मिळतात, रुपयाचं महाग आहे. मी खालची चारच घेतली. काकांनी “पुरा सेट घ्या” असा आग्रह एकदाही केला नाही.

दुसरं पाकीट १९५४ नंतरचं. इंडोचायनातल्या युद्धबंदीवर देखरेख ठेवायला जे आयोग नेमले त्यांत तीन देश होते: अध्यक्ष भारत, सोबत कॅनडा आणि पोलंड. पुन्हा आपली तिकिटं, पुन्हा वरून छापलेली अक्षरं, यावेळी कंबोडिया, लाओस आणि व्हिएतनामची नावं. परराष्ट्रमंत्री म्हणून पिअर्सन यांचा भारताशी किती वेळा संबंध आला असेल ते ही पाकिटं बघून लक्षात येतं. १९५५ साली ते भारतात आले होते आणि मयूराक्षी नदीवरच्या मसानजोर धरणाचं उद्घाटन त्यांच्या हस्ते झालं. राष्ट्रकुलातल्या देशांच्या कोलंबो या मदत योजनेतून कॅनडाने त्याला मदत केली होती. झारखंडातल्या दुमक्याकडचे लोक त्याला आजही कॅनडा डॅम म्हणतात.

तिसऱ्या पाकिटापाशी मी बराच वेळ थांबले, आणि इथेही जरा थांबते.

१९५६ च्या जुलैत इजिप्तचे अध्यक्ष नासर यांनी सुएझ कालवा देशाच्या ताब्यात घेतला. ऑक्टोबरअखेर इस्राएलचं सैन्य सिनाईत घुसलं आणि पाठोपाठ ब्रिटन-फ्रान्सची विमानं इजिप्तवर आली. आमसभेपुढे ताबडतोब लढाई थांबवा असा ठराव आला. बहुसंख्य देशांनी बाजूने मत दिलं. पिअर्सन तटस्थ राहिले, आणि का राहिले ते उठून सांगितलं. नुसतं ‘थांबा’ म्हणून भागणार नाही. राजकीय तोडगा निघेपर्यंत सीमांवर शांतता राखायला संयुक्त राष्ट्रांचं स्वतःचं दल तिथे उभं असायला हवं.

हे वाचलं आणि मला रात्रपाळ्या आठवल्या. डॉक्टर राउंडला येतात, केसपेपरवर ‘पूर्ण विश्रांती’ लिहून जातात. रात्री दोन वाजता तापाच्या भरात रुग्ण उठून चालायला लागला तर ते दोन शब्द त्याला धरत नाहीत, खाटेजवळ कोणीतरी जागं असावं लागतं. पिअर्सन यांना हे सालोनिकाच्या तंबूत कळलं की नंतर कुठे, हे मी सांगू शकत नाही, पण त्यांचं ते भाषण वॉर्डात काम केलेल्या माणसाचं आहे असं मला मनापासून वाटतं.

दोनच दिवसांत, ४ नोव्हेंबरला, त्यांचा ठराव मतदानाला आला: अशा दलाची योजना महासचिवांनी अठ्ठेचाळीस तासांत सादर करावी. ५७ मतं बाजूने, विरोधात एकही नाही, १९ तटस्थ. ब्रिटन आणि फ्रान्ससुद्धा विरोधात गेले नाहीत, कारण त्यांना माघार घ्यायला यात वाट होती. महासचिव हॅमरशोल्ड यांनी स्वतःला कामाला जुंपून घेतलं, कॅनडाचेच जनरल बर्न्स दलाचे प्रमुख झाले आणि नोव्हेंबरच्या मध्याला पहिले सैनिक इजिप्तमध्ये उतरले. ओळख पटावी म्हणून निळ्या टोप्या हव्या होत्या, त्या शिवायला वेळ नव्हता, म्हणून शिरस्त्राणांना निळा रंग फासला. तो रंग आज साऱ्या जगाला माहीत आहे. दहा देशांनी सैनिक दिले, भारत त्यांत होता, आणि पुढे जनरल ग्यानी आणि जनरल रिखी या आपल्या अधिकाऱ्यांनी त्या दलाचं नेतृत्वही केलं.

संयुक्त राष्ट्रांनी १९५७ साली या दलासाठी काढलेली तीन आणि पंधरा सेंटची तिकिटं काकांकडे नेहमी असतात, दोन्ही मिळून एका जेवणाच्या थाळीपेक्षा स्वस्त. भारताचं तिकीट १९६५ चं: नेहरूंचं पंधरा पैशांचं, त्यावर ‘यू.एन.ई.एफ.’ (या दलाच्या इंग्रजी नावाची आद्याक्षरं) रोमन लिपीत. गाझातल्या आपल्या तुकडीसाठी ते काढलं होतं. सुटं तिकीट सहज मिळतं. पण काकांनी मला त्या तिकिटाचं वापरलेलं पाकीटही काढून दिलं, सैन्याच्या फील्ड पोस्ट ऑफिसच्या शिक्क्याचं, आणि त्यावरचा पत्ता कामठीचा. नाव मी इथे लिहीत नाही. आपल्यापासून पंधरा-सोळा किलोमीटरवर कोणाच्या तरी घरी गाझाहून पत्र येत होतं! या पाकिटाचे मात्र काकांनी चांगले पैसे घेतले आणि ते वाजवी होते, कारण असं टपालातून खरोखर आलेलं पाकीट आणि संग्राहकासाठी मुद्दाम शिक्का मारून घेतलेलं पाकीट यांत फरक असतो. तो फरक ओळखायचा कसा, घडीची खूण, शाईचा फराटा, मागचा पोचल्याचा शिक्का, हे त्यांनी आपला अर्धा तास घालवून समजावलं. तेवढ्यात दुसरं गिऱ्हाईक आलं तर त्यालाही खुर्ची देऊन ऐकायला बसवलं.

१९६७ च्या मे महिन्यात नासर यांनी हे दल काढून घ्यायला सांगितलं आणि ते काढलं गेलं. दल यजमान देशाच्या संमतीवरच उभं होतं, त्याची सगळ्यात मोठी कमजोरी तीच. जूनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा परत निघायच्या तयारीत असलेले आपले काही जवान गाझात मारले गेले. पिअर्सन त्या वेळी कॅनडाचे पंतप्रधान होते. दहा वर्षं शांतता राखली हे खरं, आणि शेवट असा झाला हेही खरं. माझ्या फ्रेममध्ये मी दोन्ही लिहिलं आहे.

घरच्या राजकारणात त्यांची वाट सोपी नव्हती. सुएझच्या वेळी ब्रिटनची साथ सोडली म्हणून कॅनडातच त्यांच्यावर टीका झाली. १९५७ च्या निवडणुकीत त्यांच्या पक्षाची सत्ता गेली, त्याच वर्षी त्यांना शांततेचं नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी, ते पक्षाचे नेते झाल्यावर लगेच, पंतप्रधान डीफेनबेकर यांच्या पक्षाने २६५ पैकी २०८ जागा जिंकून त्यांचा धुव्वा उडवला. १९६३ साली ते पंतप्रधान झाले ते बहुमताशिवाय, आणि १९६५ च्या निवडणुकीनंतरही बहुमत आलं नाही. मला न पटलेली एक गोष्टही सांगते. १९६३ च्या निवडणुकीआधी त्यांनी आपली भूमिका बदलून अमेरिकी क्षेपणास्त्रांसाठी अण्वस्त्रं घ्यायला होकार दिला. दिलेला शब्द पाळायचा असं त्यांचं म्हणणं होतं. नोबेल घेतलेल्या माणसाने हे करायला नको होतं असं माझं मत आहे, काकांचं मत वेगळं आहे आणि आम्ही त्यावर वाद घातला आहे.

झेंड्याचं तिकीट घ्याच. १९६५ चं, पाच सेंटचं, लाल मेपलचं पान. त्याचा सुएझशी संबंध आहे. कॅनडाने शांतिदलासाठी आपली जी पलटण निवडली तिचं नाव होतं ‘क्वीन्स ओन रायफल्स’, गणवेश ब्रिटिशांसारखा, आणि कॅनडाच्या तेव्हाच्या झेंड्याच्या कोपऱ्यात युनियन जॅक. ज्यांच्यावर ब्रिटिश विमानांनी नुकतेच बॉम्ब टाकले होते त्या इजिप्तने ही पलटण नको म्हटलं. मग कॅनडाने संदेशवहन, वाहतूक, इंजिनिअर, विमानं असं मागचं सगळं काम सांभाळलं, ज्याच्याशिवाय दल एक दिवस चाललं नसतं. पंतप्रधान झाल्यावर पिअर्सन यांनी नवा झेंडा आणायचा निश्चय केला आणि मे १९६४ मध्ये तो बोलून दाखवला तो विनिपेगला, माजी सैनिकांच्या अधिवेशनात, छातीवर स्वतःची युद्धपदकं लावून. जुन्या झेंड्याखाली लढलेले ते लोक होते, त्यांनी आरडाओरडा करून विरोध केला. पिअर्सन यांनी भाषण पुरं केलं. संसदेत महिनोन्महिने वाद चालला. त्यांना स्वतःला आवडलेला नमुना तीन पानांचा, दोन्ही कडांना निळ्या पट्ट्यांचा होता. समितीने एका पानाचा निवडला आणि त्यांनी तो मान्य केला. डिसेंबरमध्ये १६३ विरुद्ध ७८ मतांनी तो मंजूर झाला आणि १५ फेब्रुवारी १९६५ ला फडकला.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये त्यांनी अमेरिकेत जाऊन, फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात, उत्तर व्हिएतनामवरची बॉम्बफेक काही काळ थांबवावी असं सुचवलं. अध्यक्ष जॉन्सन भयंकर चिडले. कॅनडाने व्हिएतनामला लढायला सैन्य पाठवलं नाही.

पण नर्स म्हणून विचाराल तर मी त्यांना सर्वांत जास्त गुण १९६६ च्या वैद्यकीय सेवेच्या कायद्यासाठी देईन. आधी सस्काचेवान प्रांतात १९६२ साली अशी योजना आली होती आणि तिथल्या डॉक्टरांनी संप केला होता. तेवढं होऊनही पिअर्सन सरकारने ती देशभर न्यायची ठरवली: प्रांताने सर्वांसाठी योजना चालवावी, निम्मा खर्च केंद्र देईल. संसदेत विरोधात फक्त दोन मतं पडली. पैशाअभावी उपचार अर्धवट सोडून घरी नेलेले रुग्ण मी माझ्या नोकरीत पाहिले आहेत. दवाखान्याच्या बाकावर बसून दागिन्यांचा हिशेब करणारे नातेवाईक पाहिले आहेत. कायदा झाला त्या सरकारला बहुमत नव्हतं, ही गोष्ट मला पुन्हा पुन्हा सांगावीशी वाटते. १९६८ साली त्यांनी पद सोडलं, १९७२ च्या डिसेंबरात ते वारले, आणि पुढच्या वर्षी ते सहा सेंटचं तिकीट आलं.

दुकानाच्या उणिवाही सांगायला हव्यात. जिना उभा आणि अंधारा आहे, गुडघे दुखणाऱ्यांनी सोबत कोणी असल्याशिवाय चढू नये. दुकानाची वेळ नक्की नाही, बाहेरगावचा लॉट बघायला काका गेले की दोन-तीन दिवस कुलूप असतं आणि दारावर चिठ्ठी नसते. कार्ड चालत नाही. काकांची नात दुकानात असेल तर यूपीआय चालतं, एरवी रोख न्या. घासाघीस करू नका, काका भाव कमी करत नाहीत आणि मला ते योग्यच वाटतं. नव्या मुलांना लागणारं सामान, म्हणजे साधे अल्बम आणि तिकीट बसवायची माउंट, बऱ्याचदा संपलेलं असतं. हे त्यांनी सुधारावं, कारण शनिवारी दुपारी शाळकरी मुलं येतात आणि रिकाम्या हाताने जातात.

त्या मुलांसाठी मात्र टेबलाखाली एक टोपली असते, मिसळलेल्या परदेशी तिकिटांची, दहा रुपयांत मूठभर. मूठ भरली की काका मुलाला एक तिकीट निवडायला लावतात आणि त्याच्याविषयी जे ठाऊक आहे ते सांगतात. कापूस जमवणारे गृहस्थ तिथे असले तर तेही भर घालतात.

जाताना तुमचा विषय एका कागदावर लिहून न्या, देश आणि साल माहीत असेल तर तेही. मी सध्या १९५५ चं, दुमक्याचा शिक्का असलेलं कोणतंही टपालपाकीट मागून ठेवलं आहे, मसानजोरसाठी. काका म्हणाले, “येईल, पण वेळ लागेल.” आगाऊ पैसे त्यांनी घेतले नाहीत.